रिकाम्या गाळ्यातला बाक

बसा हो, बसा. पण तिकडे नको, ते टोक माझं. तुम्ही या बाजूला सरका, इथे फळी जरा खोल झालीय, बूड बरोबर बसतं. बायको आत गेली ना? मग निवांत व्हा. त्या पडद्याआड गेलेली बाई लवकर बाहेर येत नाही, हे मी आता अनुभवानं सांगतो. मोबाईल खिशात ठेवा, इथे रेंज आमच्या लायटीसारखी, आली तर आली. मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. तुम्ही पुण्याचे दिसता, म्हणून शाळेतली मराठी काढतोय. शाळा माझी चौथीत सुटली, त्यामुळे मध्येच मालवणी घुसली तर चालवून घ्या. गोष्ट या बाकाची, म्हणजे माझीच. मी बाबली. हा गाळा माझा, पण सध्या माझा नाही. समोर रिक्षा उभी आहे आणि तिच्यात एक बाई पिशवी मांडीवर घेऊन इकडेच बघतेय, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिला इथपर्यंत दिसत नाही. ती गोष्टीत पुढे येते.

गेल्या पावसाळ्यानंतरचं सांगतो. एक दिवस सकाळी मी घरी पडून होतो. आदल्या दिवशीचं बांगड्याचं तिखलं पोटात फिरत होतं, जसं काय बांगडे अजून जिवंत आहेत. इतक्यात अंगणात स्कूटर वाजली. ही आतली पोरगी, संचिता, जिचं हे पार्लर, ती थेट माझ्या खाटेपाशी येऊन उभी. हातात हेल्मेट. म्हणाली, "काकानू, बाक रिकामो आसा." मी म्हटलं, "रवांदे गो. माझ्या पोटात गडबड आसा." तर म्हणते, "रवांदे कसो? तुमी देवासमोर व्हय म्हाराजा म्हटलात." आणि मी उठून बसलो. दावं तोडून दुसऱ्याच्या वाफ्यात शिरलेलं ढोर असतं ना, त्याला शोधायला माणूस येतो आणि ढोर मान वर करून बघतं, तसं मी तिच्याकडे बघितलं. ज्या बाकावर बसायला मिळावं म्हणून मी आकाशपाताळ एक केलं, त्या बाकावर बसवायला आता मला घरातून न्यायला येतात! लुंगीवरच तिच्या मागं स्कूटरवर बसलो. अख्खा बाजार बघत होता. सोड्याच्या गाडीवरचा ओंकार ओरडला, "काय बाबल्या, ड्युटी?" स्कूटरवर मागं बसलेल्या माणसाला बोलायला तोंड नसतं, त्याचा सगळा जीव पकडलेल्या दांड्यात असतो.

त्या दिवशी इथे येऊन बसलो आणि पहिल्यांदा फळी टोचली. फळी तीच, बूड तेच. पूर्वी कधी टोचली नव्हती. ही फळी माझ्या बापाशीनं आणली, फुटलेल्या होडीची. ती होडी देवबागच्या बारावर, म्हणजे खाडीच्या तोंडाशी, वाळूत रुतली आणि मोडली, तिची लाकडं जो तो उचलून नेत होता. कोणी चुलीत घातली, कोणी गोठ्याला लावली. बापूस म्हणाला, जी फळी समुद्रावर माणसं बसवून होती ती जमिनीवर पण बसवील. तेव्हा इथे आमचं ग्यासबत्ती दुरुस्तीचं दुकान. ग्यासबत्त्या, स्टो, छत्र्या. दशावताराच्या रात्रीच्या आधी तर बत्त्यांची रांग लागायची. राजा, राक्षस, पुरुष असून साडीतली राणी, सगळ्यांचे चेहरे आमच्या बत्तीवर अवलंबून. मी पंप मारायचो, जाळी पेटायची, आधी पिवळी, मग फुस्स करून पांढरी, आणि बापूस डोळे मिटून आवाज ऐकायचा. बत्ती बरी झाली की नाही ते तो कानानं ओळखायचा. रॉकेलचा वास तर अंगात एवढा मुरलेला की लग्नानंतर तुळसा, म्हणजे माझी बायको, पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "भाताक तो हात लावचो नाय. लावलात तर मी माहेराक जातलंय." भटानं मंत्र म्हणून सात पावलं चालवली, तेव्हा यातलं काही निघालं नव्हतं. पण संसार चालला तो या भाताच्या अटीवर. भटाचे मंत्र मला एकही आठवत नाही. अजून मी जेवायला बसताना हात तिच्या नाकासमोर धरतो. आता वास येत नाही, तरी ती हुंगते.

मग लाइट गावागावात गेली, स्टोच्या जागी सिलिंडर आले, छत्र्या अशा आल्या की दुरुस्तीपेक्षा नवी स्वस्त. गिऱ्हाइक बंद झालं, पण बसणं बंद नाही झालं. मी रोज सकाळी गाळा उघडायचो, बाक पुसायचो, बसायचो. समोरून मासे घेऊन जाणाऱ्या बायका, शाळेची पोरं, तारकर्लीला निघालेले तुमच्यासारखे पाहुणे. कोणी विचारलं, "बाबल्या, काय करतंस?" तर सांगायचं, "दुकानात आसंय." या एका वाक्यावर माणूस किती वर्षं काढतो बघा. माझा झील मंगेश, मुंबईला नोकरीला, तो फोनवर म्हणाला, "बाबा, बाजारातला गाळा, रस्त्याला लागून, आणि तुम्ही त्यात नुसते बसता? भाड्यानं द्या." मी म्हटलं, "आणि मी खंय बसू?" तो म्हणाला, "घरी बसा." त्याला कसं सांगणार, घरी बसणं आणि बसणं यांत फरक आहे. घरी बसलेल्या माणसाला बायका नारळ सोलायला लावतात.

तेवढ्यात ही संचिता आली. मूळची इन्सुलीची, बापाशीचं हायवेला चहाचं दुकान. कोल्हापूरला कोर्स करून आलेली, बोलण्यात झणका, पण मोठ्या माणसासमोर बसताना पाय जवळ घेऊन बसणारी. गाळा बघितला, भिंतीला हात लावून बघितला, वर छप्पर बघितलं. म्हणाली, "काकानू, बरो आसा. फक्त रॉकेलचो वास जातलो मां?" मी म्हटलं, "तो माझ्यावांगडा जायत." म्हणजे माझ्याबरोबरच. ती हसली आणि मला पोरगी आवडली. मी तिला सरळ सांगितलं, गाळा घे, भिंती रंगव, काच लाव, पण हा बाक इथून हलायचा नाही आणि सकाळपासून तुझा दरवाजा बंद होईपर्यंत मी त्यावर बसणार. तिनं बाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बहुतेक तिनं मनात हिशोब केला की म्हातारा किती दिवस बसेल. म्हणाली, "बसा."

मग करार लिहायला आम्ही जितेंद्रकडे गेलो. हा वकिलाकडे बसतो, करारमदार टाइप करतो. चष्मा कपाळावर, डोळे स्क्रीनवर. मी म्हटलं, लिही, बाक बाबलीचा. तो म्हणाला, "बाबलीकाका, बाक यात येणार नाही." ऑफिसात सगळे असंच पुस्तकातलं बोलतात, घरी गेला की हाच आवशीला, म्हणजे आईला, शिव्या घालत बांगडे मागतो. मी म्हटलं, "कित्याक?" तो म्हणाला, "हिला बँकेचं लोन हवंय. बँकेला रिकामा गाळा दिसला पाहिजे. हे बघा, लिहिलंय, सदर गाळ्याचा रिकामा, निर्वेध व प्रत्यक्ष ताबा. आत म्हातारा बसलेला असेल तर ताबा निर्वेध कसा?" मी म्हटलं, "म्हातारो कोण?" तो म्हणाला, "कोणीही. जनरल बोलतोय." संचिता मान खाली घालून हसत होती. जितेंद्र म्हणाला, "काळजी करू नका. बाकाचं आपण वेगळ्या कागदावर करू. साइड अ‍ॅग्रीमेंट. मोठमोठ्या हॉटेलांची असतात. मेन करार रजिस्टर होतो, बाजूचा कागद आपापल्या कपाटात." मला बरं वाटलं. मोठ्या हॉटेलवाल्यांच्या ओळीत माझा बाक बसला.

पण माझी एक सवय आहे. ग्यासबत्ती उघडली की शेवटचा स्क्रू पण बघायचा. म्हटलं, "मोठ्या करारातला शेवटचा वाच." जितेंद्रनं भराभर वाचलं, "या कराराखेरीज उभय पक्षांमध्ये अन्य कोणताही लेखी वा तोंडी करार अस्तित्वात नाही." मी म्हटलं, "परत वाच." त्यानं परत वाचलं. मी म्हटलं, "मगे हो बाजूचो कागद?"

"तो बाजूचा."

"बाजूचो म्हणजे आसा की नाय?"

"आहे. पण दाखवायचा नाही."

"म्हणजे माका बसूचा आसा, पण दिसूचा नाय?"

जितेंद्रनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "काका, सगळे असंच करतात." मी त्याच्या टेबलाकडे बघत राहिलो. दोन कागद शेजारी शेजारी. एकच पेन. एका सहीनं म्हणायचं दुसरा कागद नाही, आणि शाई वाळायच्या आत दुसरी सही करून म्हणायचं, तो आहे. माझ्या डोक्यात असं काही व्हायला लागलं की मी त्या दोन कागदांच्या मधल्या फटीत बसलोय, इकडे नाही नि तिकडे नाही. बापूस म्हणायचा, बत्तीला दोन पंप नसतात. मी बाजूचा कागद घेतला आणि फाडला. म्हटलं, "मोठ्यावर सही करतंय. बाकाचा आपण देवासमोर करूया. देवाक कोणी बँकेत बोलवत नाय." संचिता लगेच म्हणाली, "चलात." जितेंद्र म्हणाला, "पण लेखी वा तोंडी, दोन्ही..." मी म्हटलं, "गाऱ्हाणां लेखी नाय, तोंडी पण नाय. तां गाऱ्हाणां." त्यावर त्याच्याकडे कलम नव्हतं.

तुमच्याकडे गाऱ्हाणं घालतात का? नसेल. आमच्याकडे नारळ ठेवून, देवाला हाक मारून, जे काय असेल ते मोठ्यानं सांगायचं. सांगणारा एक, आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला फक्त होय महाराजा म्हणायचं, आमच्या तोंडात व्हय म्हाराजा. लहानपणापासून आम्ही ते म्हणतो. होडी पाण्यात घालताना, घराचा पाया खणताना, पोर परीक्षेला बसताना. त्यामुळे तोंड आपोआप म्हणतं. मन तेव्हा कुठे असतं कोण जाणे, बरेचदा प्रसादाच्या खोबऱ्याकडे. पार्लरच्या उद्घाटनाला आमचा गंगाराम गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आवाज असा की बंदरावर ओरडला तर होड्या परत फिराव्यात. मी त्याला आदल्या दिवशी सगळं समजावून ठेवलं होतं. बाजारातली माणसं जमली, इन्सुलीची माणसं आली, तुळसा पुढेच, पदर खोचून. गंगारामनं डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! बारा वयवाटीच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या इन्सुलीच्या लेकरान बाबलीच्या गाळ्यात आपलो धंदो मांडलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाळो तिचो झालो तरी बाक बाबलीचो ऱ्हवलो. त्या बाकावयल्यान बाबलीक कोणी उठवल्यान, तर तेची वाट लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात संचिताचा आवाज मी मुद्दाम कान देऊन ऐकला. होता. माझं काम झालं. तिथून पुढे मी ऐकायचं सोडलं. नारळाकडे बघत होतो, कोणत्या दगडावर फोडणार, पाणी सांडणार का, आणि तोंडानं प्रत्येक ओळीला व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. शेवटचं तर एवढं मोठ्यानं म्हटलं की इन्सुलीची एक म्हातारी दचकली.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! रॉकेलच्या जागी शांपूचा वास, त्यात मेंदी, त्यात काहीतरी जळल्यासारखा, केस सरळ करतात म्हणे. हिनं मध्ये पडदा लावला, पलीकडे बायका, अलीकडे मी. आणि समोर हा आरसा, बघताय ना, जमिनीपासून छपरापर्यंत. पहिल्या दिवशी मी बाकावर बसलो आणि समोर बघितलं तर समोर पण एक बाक, आणि त्यावर कोणीतरी आधीच येऊन बसलेला. मी मनात म्हटलं, हा कोण मेला, सकाळी सकाळी? शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात. एवढी वर्षं मी या जागेवरून रस्ता बघितला, लोक बघितले, पण बसलेला बाबली कसा दिसतो हे लोकांनाच ठाऊक होतं. आता मला पण रोज बघावं लागायला लागलं. तो नुसता बसलेला असायचा. काही करत नव्हता. मी त्याच्याकडे बघून म्हणायचो, "दुकानात आसंय," आणि तो पण ओठ हलवायचा, पण पटल्यासारखं वाटायचं नाही. पडद्यामागं ते केस वाळवायचं यंत्र सुरू झालं की हूं असा आवाज येतो. मी डोळे मिटायचो, बापाशीसारखा, आणि कान लावायचो. एकदा मी ओरडलो, "संचिता, तुझो पंखो आत घासता!" उघडलं तर खरंच केस अडकलेले. त्या दिवशी आरशातला माणूस जरा ताठ बसला होता.

मग गिऱ्हाइकांचे नवरे यायला लागले. तुमच्यासारखे. सुरुवातीला दारात उभे, घड्याळ बघ, हॉर्न वाजव, आत निरोप पाठव, "किती वेळ?" बाई अर्ध्या भुवईवर उठून जायची. मी एकाला बसवलं आणि दशावतारातल्या राणीला मिशी कशी फुटली ती गोष्ट सांगितली. बायको बाहेर येऊन उभी राहिली तरी तो उठेना. तिनं तेवढ्यात नखं पण करून घेतली. दुसऱ्या आठवड्यात ती दोन जावांना घेऊन आली. संचिता पडद्यातून डोकं काढून बघायची आणि परत आत. तिच्या डोळ्यांत काहीतरी शिजत होतं, पण मला वाटलं, पोरगी गोष्ट ऐकते.

आणि मग एक दिवस ती म्हणाली, "काकानू, हयसर केस धुवच्याचा बेसिन बसवूक होया. बाक जरा घराकडे नेलो तर?" मी म्हटलं, "गाऱ्हाणां आठवता? उठवल्यान तेची वाट लाव. तू व्हय म्हाराजा म्हटलंस." ती म्हणाली, "म्हटलंय." मी म्हटलं, "मगे?" मी जिंकलो. आरशातला पण जिंकला. तिनं शांतपणे मोबाईल काढला. म्हणाली, "उद्घाटनाचो व्हिडिओ आसा. आयकूया मां, नक्की काय म्हटलेला आसा तां." दोघं याच बाकावर बसलो, मोबाईल मध्ये. गंगाराम ओरडतोय, माणसं म्हणताहेत. बाबलीचो बाक आला. वाट लाव आली. मी मांडीवर थाप मारली. म्हणाली, "थांबा. फुडे आसा." आणि मोबाईलमधला गंगाराम म्हणाला, "आणि जवसर हो दरवाजो उघडो, तवसर तो बाक रिकामो पडाचो नाय! बाकार माणूस, तवसर गाळ्यात बरकत! बाक रिकामो पडलो, तर तेचो जाब बाबली देतलो रे म्हाराजा!" आणि सगळ्यांच्या वर, फाटक्या कर्ण्यासारखा, एकच आवाज. माझा. "व्हय म्हाराजा!"

म्हणजे दरवाजा उघडा आहे तोवर बाक रिकामा ठेवायचा नाही, आणि पडला तर जाब माझा. मी म्हटलं, परत लाव. तिनं परत लावलं. परत तेच. ती म्हणाली, "बेसिन मी तकडे कोपऱ्यात बसवतंय. बाक तुमचो. पण मगे तुमी पण..." आणि आत गेली. मी तडक गंगारामकडे गेलो. "मेल्या, मी तुका इतक्या सांगलेलंय काय?" गंगाराम सुपारी कातरत होता. म्हणाला, "एकाच बाजून मागलंय असतंय तर देव म्हणलो असतो, हो गंगाराम दलाल आसा काय? तिका बांधलंय, मगे तुका पण बांधलंय. तराजूक दोन पारडी." मी म्हटलं, "माका इचारूचा तरी होतंस!" तो म्हणाला, "इचारलंय मां. धा माणसात, मोठ्यान. तू व्हय म्हटलंस."

तोंड माझं, आवाज माझा. पण तेव्हा मी नारळाकडे बघत होतो, मग व्हय कोण म्हणालं? रात्रंदिवस हेच डोक्यात. किती ठिकाणी म्हणून ठेवलंय मी असं, नारळाकडे बघत बघत? बापूस जाताना म्हणाला होता, "दुकान उघडा ठेव," तेव्हा पण मी मान हलवली होती, आणि लक्ष होतं त्याच्या नाकावर बसलेल्या माशीकडे. ती माशी अजून दिसते. सकाळी उठलं की पाय आपोआप इकडे वळायचे ते आता विचारून वळायला लागले. दुखणं असो, लग्न असो, मयत असो, आधी बाकाचं काय? मी सांगितलं ना, बांगड्याच्या तिखल्याच्या दिवशी मी आलो नाही. तर नेमकं त्या सकाळी इथला ट्रान्सफॉर्मर उडाला, आणि कट्टा गावाहून येणारी नवरी मुलगी अर्ध्या वाटेतून परत गेली. ट्रान्सफॉर्मर दर महिन्याला उडतो हो! पण त्या दिवशी बाक रिकामा होता, मग कोणाला सांगणार? संचिता रागावली नाही. स्कूटर घेऊन आली. रागावली असती तर बरं झालं असतं. हल्ली तिनं बाहेर पाटी पण लावलीय, बघितलीत? नवऱ्यांसाठी बसण्याची व गोष्टींची सोय. गोष्टींची सोय म्हणजे मी.

आता ती रिक्षातली बाई. तुळसा. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पेजेत मीठ म्हणून साखर पडते, माझ्याऐवजी तुळशीवृंदावनाला चहा देऊन आली एकदा. आज कुडाळला एका डोळ्याचं ऑपरेशन. तारीख मिळायला किती दिवस गेले! मी म्हटलं, शेजारच्या नर्मदेला घेऊन जा, मला बाक आहे. तर पदर खोचून उभी राहिली. "तुमी बाकाशीच लगीन लावूचा होतां, माझ्या बापाशीचो खर्च तरी वाचलो असतो." मी म्हटलं, "अगो, देवासमोर बोललंय." ती म्हणाली, "माझ्याशी लगीन काय जितेंद्राकडे लावलेलात?" आणि मग हळू आवाजात म्हणाली, मला कळू नये असं, पण मला कळलंच, "पट्टी सोडली काय पयलां तुमचा थोबाड दिसूक होया. सवयीचा आसा. दुसरा कायतरी दिसला, तर माका कसा कळतला, डोळो बरो झालो की बिघडलो?" मी हात पुढे केला, तिनं हुंगला नाही, नुसता धरला. तिचा हात थंड होता. एवढ्या वर्षांत ही बाई कशाला घाबरलेली मी बघितली नव्हती. पाण्यातल्या सापाला तिनं झाडूनं मारलंय.

परत गेलो गंगारामकडे. म्हटलं, सोडव. तो म्हणाला, "सुटाचा नाय. पण वाट काढता येयत." परत नारळ, परत गाऱ्हाणं, आणि या वेळी मी नारळाकडे बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघितलं, एकेक शब्द तपासून घेतला. ठरलं ते असं. बाबली नसला तर बाबलीनं बसवलेला माणूस चालेल. पण तो आपल्या खुशीनं बसलेला पाहिजे, पैसे घेऊन नाही, आणि त्याला सगळी हकीकत आधी सांगितलेली पाहिजे, फसवून बसवायचा नाही. मी संपूर्ण बाजार पालथा घातला. ओंकार म्हणाला, "देवाच्या भानगडीत माका नको." जितेंद्र म्हणाला, "काका, मी या प्रकरणात कागद केलाय, मला बसता येणार नाही." गंगारामलाच म्हटलं, तू बस. तो म्हणाला, "बायकांच्या पार्लरात? मी गाऱ्हाणी घालतंय, माका मान आसा!" म्हणजे मला नाही. काल एक कोल्हापूरचे पाहुणे बसले होते, आज बसाल का म्हणून विचारणार होतो, चांगले जाड, बसल्यावर हलतील असे वाटत नव्हते. पण गोष्ट अर्ध्यात आली तेव्हा त्यांची बायको बाहेर आली.

रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, ऐकलात? नर्मदाही रिक्षात जाऊन बसलीय, हातात डबा. तुळसा या काचेकडे बघतेय. तिला इथे दोन ठिपके दिसत असतील, एक मी, एक तुम्ही, आणि आरशात आणखी दोन. त्यातला कोणता आपला, ते ती विचार करत असेल. मी आत विचारलंय, तुमच्या बाईसाहेबांनी केसांचं, चेहऱ्याचं आणि पायांचं, सगळंच सांगितलंय. संध्याकाळपर्यंत मी परत येतो, ऑपरेशन झालं की डोळ्याला पट्टी बांधून घरी सोडतात. पट्टी उद्या सकाळी सोडायची, तेव्हा परत कुडाळ. त्याचं आपण संध्याकाळी बघू. तुम्ही उद्या इथेच आहात ना? चहा येईल, माझ्या नावावर. दुसरा कोणी नवरा आला तर त्याला या बाजूला बसवा, ही खोल जागा द्या, आणि ही गोष्ट सांगा, जमेल तशी. तुम्ही माझ्या टोकाला सरका. हां, असं. हात मांडीवर ठेवा. समोर तुमचा आरशातला बसलाय, त्याच्याकडे फार बघू नका, तो प्रश्न विचारतो. उठायचं मात्र नाही, कितीही काही झालं तरी, अगदी ट्रान्सफॉर्मर उडाला तरी. मी आता पाय खाली टाकतो, हळू, तुम्ही पक्के बसलात की मगच. नारळ आणलेला नाही, त्यामुळे लक्ष कुठे जायचा प्रश्न नाही. माझ्याकडे बघा, आणि एकदाच, मनापासून, त्या रिक्षापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणा बघू, व्हय म्हाराजा.